पडदा आणि फळा

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात आणि शाळेंत जाणारीं मुलें चार आहेत. मुलांच्या शाळेनें यंदापासून असा क्रम ठरविला आहे कीं, गणित व विज्ञान या विषयांचे कांहीं पाठ मुलांनीं आदल्या दिवशीं घरीं मोबाईलवर अथवा संगणकावर पाहून यावयाचे आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यांवरील उदाहरणें सोडवावयाचीं. या व्यवस्थेवरून घरांत दोन तट पडले आहेत. सासरे म्हणतात, "मास्तर शाळेंत आहेत, तर त्यांनीं शाळेंतच शिकवावें, पाठ घरींच पाहावयाचा, तर फी कशाची भरावयाची?" धाकटे दीर म्हणतात, "एकाहून एक चांगले शिक्षक पडद्यावर घरबसल्या मिळत असतां, एकाच मास्तरांच्या तोंडाकडे पाहत बसण्यांत काय हशील?" या दोघांपैकीं कोणाचें म्हणणें ग्राह्य मानावें, असें बाईंनीं विचारलें आहे.

एकत्र कुटुंबांतील सुनेनें विचारलेल्या असल्या प्रश्नाचें उत्तर जपून द्यावें लागतें, हें आम्ही जाणून आहों. सुदैवानें येथें कोणास दुखविण्याचें कारण नाहीं. सासऱ्यांचें म्हणणें निम्में खरें आहे, दिरांचेंही निम्में खरें आहे. आणि दोघांचा घोटाळा एकाच ठिकाणीं होतो. शिकणें ही एकच अखंड क्रिया आहे, व ती एक तर मास्तरांनीं करवावी किंवा पडद्यानें, असें दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः शिकण्याचे भाग निरनिराळे आहेत, आणि कोणता भाग कोठें चांगला साधतो एवढाच विचार करावयाचा आहे. पडद्यावरचें व समक्ष अशा दोन्ही शिक्षणांच्या मेळास हल्लीं संमिश्र शिक्षण असें नांव मिळालें आहे. २९ जुलै २०२० रोजीं केंद्र सरकारनें मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत त्याचा पुरस्कार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें मे २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांत, महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा शेंकडा ४० पर्यंत भाग ऑनलाइन व उरलेला समक्ष शिकवावा, अशी वांटणी सुचविली होती. तेव्हां हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक घरीं येणार आहे. तो नीट समजून घेतलेला बरा.

दूरच्या गुरूकडून शिकणें ही कांहीं या शतकांतली नवलाई नव्हे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनींत पत्र जाऊं लागलें, तेव्हां आयझॅक पिटमन यांनीं आपल्या लघुलिपीचे पाठ टपालानें पाठविण्यास व विद्यार्थ्यांनीं लिहून धाडलेले उतारे तपासून परत करण्यास सुरुवात केली. त्याच देशांत १९६९ सालीं मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्यानें नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचा उपयोग केला. पण तेवढ्यावर विसंबून न राहतां छापील पुस्तकें, टपालानें तपासून येणारे स्वाध्याय, ठिकठिकाणचे मार्गदर्शक शिक्षक आणि उन्हाळ्यांत एकत्र राहून करावयाचे वर्ग यांची जोड दिली. आपल्या नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें, तेंही गांवोगांवच्या अभ्यासकेंद्रांच्या आधारानेंच चालतें.

शाळेच्या मुलांसाठींही पडदा नवा नाहीं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. सकाळीं शाळेंतल्या मुलांसाठीं, सायंकाळीं प्रौढांसाठीं. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ सालीं सुरू झाली व २०१७ सालीं बंद पडली. तिचे कार्यक्रम पाहिलेलीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं आहेत. अगदीं अलीकडचें उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांचें. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापावा आणि मोबाईल त्यासमोर धरतांच त्या पाठाचें वाचन, कविता किंवा चित्रफीत मुलापुढें यावी, अशी सोय त्यांनीं आपल्या शाळेंत केली व ती पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. त्यांस २०२० सालीं ग्लोबल टीचर प्राइझ हें १० लाख डॉलरचें पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. या योजनेंत पुस्तक मुलाच्या हातांतून काढून घेतलेलें नाहीं, मास्तरही वर्गांतून हलविलेले नाहींत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मग पडद्याच्या शिक्षणाविषयीं आपल्या घरांत एवढी अढी कां? तिचें कारण २०२० सालांत आहे. मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि घरोघरीं मोबाईलवर वर्ग भरूं लागले. आमच्या घरीं त्या वेळीं शिकणारीं मुलें पांच व मोबाईल तीन होते. त्यांपैकीं एक कचेरीच्या कामास बांधलेला. सकाळीं आठला थोरल्या नातवाचा वर्ग, नऊला नातीचा, दहाला पुन्हां धाकट्याचा. मध्येंच रेंज जाई, मध्येंच विजेचा लपंडाव. पडद्यावर चाळीस चौकोन, त्यांतले तीस काळे. मास्तर बिचारे विचारीत, "समजलें का?" आणि दोन-तीन आवाज म्हणत, "हो सर!" आम्हीं अडतीस वर्षें मास्तरकी केली आहे. वर्गांतील "हो सर" किती खरें व किती खोटें, हें आम्ही मुलाच्या भुंवयांवरून ओळखत होतों. काळ्या चौकोनास भुंवया नसतात.

ज्यांच्या घरीं तीन मोबाईल होते त्यांची ही कथा. ज्यांच्या घरीं एकही नव्हता त्यांचें काय झालें? 'असर' या नांवानें खेड्यांतील मुलांच्या शिक्षणाची जी पाहणी होत असते, तिच्या सप्टेंबर २०२० मधील वृत्तांतावरून असें दिसतें कीं, शाळेंत नांव असलेल्या मुलांच्या घरांपैकीं शेंकडा ६१.८ घरांत स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वीं हेंच प्रमाण शेंकडा ३६.५ होतें. म्हणजे यंत्र झपाट्यानें घरांत शिरलें. परंतु पाहणीच्या आठवड्यांत शाळेकडून कांहीं ना कांहीं अभ्यास पोंचला, अशीं मुलें तिघांत जेमतेम एक. उलट चालू इयत्तेचें पाठ्यपुस्तक मात्र शेंकडा ८० हून अधिक मुलांच्या हातीं होतें. याचा परिणाम पुढें दिसला. तिसरींतल्या ज्या मुलांस दुसरीचा उतारा वाचतां येतो, त्यांचें प्रमाण देशभराच्या खेड्यांत २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतें, तें २०२२ सालीं २०.५ वर आलें. शाळा नियमित सुरू झाल्यावर २०२४ सालीं तें २७.१ झालें. सहा वर्षांनीं आपण पुन्हां मूळच्या पायरीवर आलों.

या आंकड्यांचा अर्थ लावतांना एक विवेक ठेवला पाहिजे. त्या काळीं जें झालें तें संमिश्र शिक्षण नव्हे. तेथें समक्ष शिक्षण मुळींच नव्हतें. फळा गेला व त्याच्या जागीं पडदा आला. तो आला नसता तर एवढाही आधार राहिला नसता. म्हणून त्या दोन वर्षांवरून पडद्यास कायमचा शाप देणें जसें अन्यायाचें, तसें "तेव्हां चाललें, मग आतांही चालेल" असें म्हणणेंही अविचाराचें.

पडदा मास्तरांच्या जागीं बसविला तर काय होतें आणि मास्तरांच्या जोडीस दिला तर काय होतें, याचे प्रयोग मात्र शास्त्रशुद्ध रीतीनें झालेले आहेत. गुजरातेंत ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांतून गणिताचे पाठ संगणकावर देऊन ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञानें त्याचा परिणाम मोजला. हा वृत्तांत २००८ सालचा आहे. जेथें शाळेच्या वेळांत शिक्षिकेचा तास कमी करून संगणक दिला, तेथें मुलें इतरांच्या मागें पडलीं. जेथें शाळेचा तास तसाच ठेवून शाळेबाहेरच्या वेळांत संगणकाची जोड दिली, तेथें मुलें पुढें गेलीं. आणि जीं आधीं मागें होतीं त्यांस विशेष लाभ झाला. यंत्र तेंच, पाठ तेच. फरक एवढाच कीं, एके ठिकाणीं त्यानें माणसाची जागा घेतली व दुसऱ्या ठिकाणीं माणसाचा हात राखला.

दुसरा प्रयोग दिल्लींतला, २०१५ सालचा. त्याचा अहवाल कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह व आलेहांद्रो गानिमियन यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ६१९ मुलें होतीं व त्यांतून लाभार्थी सोडत काढून निवडलेले होते. आरंभींच असें आढळलें कीं, सहावींत बसलेलें मूल गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें आहे. म्हणजे मास्तर सहावीचें पुस्तक शिकवीत आहेत आणि ऐकणारा मनानें अजून तिसरी-चौथींत आहे! या मुलांस शाळा सुटल्यावर रोज दीड तास शिकविण्यांत आलें. पाऊण तास संगणकावर, जेथें प्रत्येकास त्याच्या खऱ्या पायरीचें उदाहरण मिळे. आणि पाऊण तास १२ ते १५ मुलांच्या गटांत शिक्षकासमोर. साडेचार महिन्यांत तीं मुलें गणित व हिंदी या दोन्ही विषयांत इतरांच्या स्पष्टपणें पुढें गेलीं. हें फळ यंत्राचें किती व माणसाचें किती, असा हिशेब त्यावरून मांडतां येत नाहीं. पण दोहोंच्या जोडीचें तें फळ आहे, हें निःसंशय.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यानेंही २०१० सालीं अशा अनेक अभ्यासांचा एकत्र पडताळा घेतला, व नुसत्या समक्ष शिक्षणापेक्षां संमिश्र शिक्षणाचा परिणाम थोडा सरस असल्याचें नमूद केलें. परंतु त्याबरोबरच असेंही बजावलें कीं, संमिश्र रीतीनें शिकणाऱ्यांस बहुधा अधिक वेळ व अधिक साहित्य मिळालें होतें, आणि शालेय मुलांवरील अभ्यास फारच थोडे होते. अर्थात् पडद्यांत कांहीं जादू नाहीं. वेळ, सराव आणि चूक दाखविणारा माणूस या जुन्याच तीन गोष्टी तेथेंही काम करीत आहेत.

आमची विद्या संस्कृताच्या वळणाची असल्यामुळें अशा प्रसंगीं आम्हांस पतंजलींची आठवण होते. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत त्यांनीं विद्येच्या उपयोगाचे चार काळ सांगितले आहेत: गुरूकडून ग्रहण करण्याचा तो आगमकाल, आपलें आपण घोकण्याचा तो स्वाध्यायकाल, दुसऱ्यास सांगण्याचा तो प्रवचनकाल, आणि प्रत्यक्ष वापरण्याचा तो व्यवहारकाल. हे चार खण डोळ्यांपुढें ठेवले म्हणजे पडद्याची जागा कोणती व फळ्याची कोणती, हें बरेंचसें आपोआप उलगडतें.

पहिला खण ग्रहणाचा. येथें पडदा खरोखर उपयोगी आहे, व हें आम्ही मास्तर असूनही मोकळेपणानें मान्य करतों. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ कां होतो, हें वर्गांत आम्ही एकदां सांगत होतों, फार तर दोनदां. ज्याचें लक्ष तेव्हां खिडकींतून बाहेर गेलें, त्यास तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटे. पडद्यावरचा मास्तर सातव्यांदाही न कंटाळतां तेंच सांगतो, मध्यें थांबवितां येतो, आणि आपण सात वेळां ऐकलें हें शेजारच्या मुलास कळत नाहीं. मंदगति मुलाच्या अब्रूचें हें रक्षण लहानसहान नव्हे. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनीं २००७ सालीं, ज्यांचे तास बुडत अशा मुलांसाठीं आपले पाठ मुद्रित करून ठेवण्यास आरंभ केला. पुढें त्यांच्या लक्षांत आलें कीं, पाठ घरीं ऐकला जाऊं शकतो, तर वर्गाचा वेळ दुसऱ्या कामास मोकळा होतो. वाचकभगिनींच्या मुलांच्या शाळेनें स्वीकारलेला क्रम तो हाच.

मोकळा होणारा वेळ म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहूं. ४२ मुलांचा वर्ग व ३५ मिनिटांचा तास. त्यांतलीं २५ मिनिटें फळ्यावर समजावून सांगण्यांत गेलीं, तर उरलेल्या १० मिनिटांत एकेका मुलाच्या वांट्यास मास्तर सुमारें १४ सेकंद येतात. समजावणें आदल्या दिवशीं घरीं झालें असेल, तर ५० सेकंद येतात. ५० सेकंदांत काय होतें, असें कोणी विचारील. वहींतली एक चूक पाहून तिचें मूळ सांगण्यास तेवढा वेळ पुरतो. १४ सेकंदांत फक्त तांबडी फुली मारतां येते.

आणि चुकीचें मूळ सांगणें हाच तर शिकविण्याचा गाभा. वाक् या शब्दास मय हा प्रत्यय लावा म्हटलें, तर एक मुलगा वाक्मय असें लिहितो व दुसरा वाग्मय. उत्तर वाङ्मय असल्यामुळें दोघेही चुकले. परंतु पहिल्यास संधीचा नियम ठाऊकच नाहीं. दुसऱ्यास एक नियम ठाऊक आहे, पण पुढें अनुनासिक आलें असतां दुसरा नियम लागतो हें ठाऊक नाहीं. पहिल्यास आरंभापासून शिकवावयाचें आहे, दुसऱ्याची पाठ थोपटून एक पाऊल पुढें न्यावयाचें आहे. हल्लींचीं चांगलीं यंत्रें असा भेद ओळखतातही. पण सलग तीनदां चुकल्यावर मुलगा हिरमुसला, त्यानें वही मिटली व आतां तो उत्तर शेजाऱ्याचें पाहून लिहिणार, हें वेळींच ओळखून त्याच्या खांद्यावर हात ठेवणें, ही गोष्ट बांकाशेजारीं उभ्या असलेल्या माणसाचीच.

दुसरा खण स्वाध्यायाचा. तो घरचा आहे, व त्यांत पडद्यापेक्षां वही-पेन्सिलीचें महत्त्व अधिक. तिसरा खण प्रवचनाचा, म्हणजे शिकलेलें दुसऱ्यास सांगण्याचा. चौथा व्यवहाराचा: प्रयोगशाळेंत हात घालण्याचा, चार जणांत मिळून काम करण्याचा, वाद घालण्याचा व हरल्यास हार मानण्याचा. या दोन खणांस माणसें लागतात. हे दोन खण भरले नाहींत, तर पहिल्या खणांत ओतलेली विद्या तेथेंच सुकून जाते. संमिश्र शिक्षण म्हणून जें कांहीं शाळा करतील, त्याची पारख यावरूनच करावी, असें आमचें मत आहे. घरीं पाठ पाठवून वर्गांत तोच पाठ मास्तर पुन्हां सांगत असतील, तर मुलाच्या डोक्यावर फक्त दुप्पट ओझें पडलें.

प्रवचनकालाचें महत्त्व आम्हांस त्या बंदीच्या काळांत एका मुलीनें दाखविलें. आमच्या शेजारच्या घरीं कामास येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हां सातवींत होती. त्यांच्या घरीं साधा फोन. टाळेबंदी सैल झाल्यावर ती सायंकाळीं आईबरोबर येई व आमच्या ओसरीवर अंतर राखून बसे. आमच्या धाकट्या नातवाच्या मोबाईलवरील दिवसाचा पाठ तासभर पाही आणि मुख्य मुख्य गोष्टी वहींत उतरून घेई. मोबाईल पुन्हां चोवीस तास मिळावयाचा नाहीं, हें ठाऊक असल्यामुळें तिचें लक्ष ढळत नसे. घरीं गेल्यावर ती तोच पाठ वाडींतल्या आणखी दोन मुलींस सांगे. त्या मुलींनीं विचारलेलें जें तिला सांगतां आलें नाहीं, तें ती दुसऱ्या दिवशीं आम्हांस विचारी. दिवसभर मोबाईल जवळ बाळगणाऱ्या आमच्या नातवापाशीं एकही शंका नव्हती. तिच्यापाशीं रोज तीन असत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासून व शहरांत आठवीपासून वर्ग पुन्हां भरले, तेव्हां ती आठवींत जाऊन बसली व तिचें कोठें अडलें नाहीं. तिचा थोरला भाऊ मात्र त्या दीड वर्षांत नववींतून सुटला, तो सुटलाच. आज तो एका गॅरेजांत काम करतो. त्यास पाठ पाहण्यास कोणी ओसरी दिली नव्हती, आणि त्याच्याकडून पाठ म्हणून घेण्यासही कोणी नव्हतें.

म्हणून जी शाळा घरीं पाठ पाठविते, तिनें ज्याच्या घरीं मोबाईल नाहीं त्याची सोय आधीं केली पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयांत मधल्या सुटींत अथवा शाळा सुटल्यावर तो पाठ दाखविण्याची व्यवस्था असावी. ज्या घरांत मोबाईल एकच आहे, तेथें त्यावर पहिला हक्क मुलाचा व उरलेला मुलीचा, असा अलिखित कायदा आपल्याही सुशिक्षित घरांतून चालतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. सासूबाईंनीं व आजीबाईंनीं मनावर घेतलें, तर तो एका दिवसांत मोडेल.

घरांतील वडील मंडळींस आमच्या आणखी कांहीं सूचना आहेत. पाठ पाहण्याची जागा माणसांची असावी. मुलास मोबाईल देऊन खोलीचें दार लावूं देऊं नये. २०२४ च्या 'असर' पाहणींत स्मार्टफोन वापरतां येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५७ मुलांनीं त्या आठवड्यांत तो अभ्यासासाठीं वापरल्याचें सांगितलें, आणि शेंकडा ७६ मुलांनीं समाजमाध्यमांसाठीं. हे आंकडे वाचून मुलांवर रागावण्याआधीं आपण स्वतः तो कशासाठीं वापरतों, हें वडिलांनीं मनाशीं पडताळून पाहावें. पाठ पाहतांना वही उघडी असावी, व पाठ संपल्यावर मुलानें निदान एक प्रश्न लिहून उठावें. "सगळें समजलें" हें उत्तर मानूं नये. रात्रीचीं पानें मांडलीं जात असतां त्या मुलानें आजीस किंवा काकांस तो पाठ पांच मिनिटांत सांगावा. आजीस विज्ञान येत नसेल तर अधिकच चांगलें; तिला कळेल असें सांगतां आलें, म्हणजे त्यास कळलें. एकत्र कुटुंबापाशीं ऐकणारे कान मुबलक आहेत. ही आपली फार मोठी मिळकत आहे, आणि तिला रिचार्ज लागत नाहीं.

बाजारांतील ॲपांविषयींही दोन शब्द. मध्यंतरीं असा एक विक्रेता आमच्या घरीं आला होता व तीन वर्षांचें शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह करीत होता. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "मूल चुकलें तर त्याच्याशीं बोलणार कोण?" त्यावर त्यानें हप्त्यांची सोय समजावून सांगितली. ज्या पाठाच्या मागें बोलणारा माणूस नाहीं, तो पाठ पुस्तकाच्या पानासारखाच आहे. तो चांगला असूं शकेल. पण मग त्याची किंमतही पुस्तकाएवढीच असावी. सरकारचें दीक्षा हें व्यासपीठ २०१७ सालापासून चालू आहे व त्यावरील पाठ विनामूल्य आहेत. आधीं तें पाहावें.

आतां वाचकभगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. सासऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, नव्या क्रमांत मास्तरांचें काम कमी होत नाहीं, वाढतें. ४२ वह्या पाहून प्रत्येकाचें अडलेलें सोडविणें हें फळ्याजवळ उभें राहून बोलण्यापेक्षां कष्टाचें आहे. फी द्यावयाची ती त्या कष्टाची. शाळेनेंही असे पाठ तयार करण्यास व वह्या पाहण्यास शिक्षकांस वेळ दिला पाहिजे, नाहीं तर उत्साहाचे चार महिने संपल्यावर सारें पूर्वपदावर येईल. दिरांस आमचें सांगणें असें कीं, पडद्यावरचे उत्तमोत्तम शिक्षक मुलांस जरूर दाखवावेत. पण त्यांपैकीं एकासही आपल्या पुतण्याचें नांव ठाऊक नाहीं. शाळेंतल्या साध्या मास्तरांस तें ठाऊक आहे, आणि तो गेल्या मंगळवारीं गैरहजर कां होता हेंही ठाऊक आहे.

बाईंनीं पालकसभेस जाल तेव्हां शाळेस तीन प्रश्न विचारावेत. घरीं पाठविलेला पाठ किती मिनिटांचा आहे, व तेवढा गृहपाठ कमी केला आहे काय? मोबाईल नसलेल्या मुलांस तो पाठ कोठें व केव्हां दाखविला जातो? आणि वर्गांत त्या दिवशीं प्रत्येक मुलाची वही मास्तरांच्या हातांखालून जाते काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर घरांतील वाद मिटवावा व मुलांस खुशाल पडद्यासमोर बसवावें. तिसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल, तर मात्र सासऱ्यांस बरोबर घेऊन पुन्हां एकदां शाळेंत जावें. असो. बाईंनीं मिळालेलीं उत्तरें आम्हांस अवश्य कळवावींत. तीं इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडतील.